सायंदेव घरी बसला नाही



गुरुचरित्राचा चौदावा अध्याय आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. घरात काही संकट आलं की पहिल्यांदा तोच ओठावर येतो. पण पाठ असलेल्या गोष्टीचं एक होतं, जीभ पुढे पळते आणि मन मागे राहतं. म्हणून ती कथा आज जरा थांबत थांबत पाहू. निमित्त मात्र असं आहे, की जे आपल्या अंकात सहसा येत नाही. स्तनाच्या कर्करोगाचे उपचार पुरे झाले, काही वर्षं बरी गेली, आणि पुन्हा एक गाठ हाताला लागली, तर काय करायचं? हा विषय आपण बायका एकमेकींतसुद्धा दबक्या आवाजात बोलतो. संपादकांना विचारलं, ते म्हणाले, लिहा.

सायंदेव यवनाच्या चाकरीत होता. त्या क्रूर माणसाचं बोलावणं आलेलं, आणि गेलो की जीव जाणार हे त्याला पक्कं ठाऊक. तो श्रीगुरूंच्या पायाशी येऊन रडला. श्रीगुरूंनी मस्तकावर हात ठेवला, सांगितलं की भिऊ नकोस, जा, तोच तुला आनंदानं परत पाठवील, आणि तू परत येईपर्यंत आम्ही इथेच आहोत.

आता बघा. श्रीगुरूंनी ‘जाऊ नकोस’ म्हटलं नाही. ‘लपून राहा’ म्हटलं नाही. ‘इथेच बसून अनुष्ठान कर, तिकडचं मी बघतो’ असंही म्हटलं नाही, आणि म्हणायला त्यांना कोण अडवणार होतं? त्यांनी पाठवलं. सायंदेव नाम घेत स्वतःच्या पायांनी त्या दारात गेला. कृपा झाली ती तिथे झाली. घरी बसला असता तर हा अध्याय पुढे कसा सरकला असता, सांगा.

सहा वर्षांपूर्वी माझी शस्त्रक्रिया झाली, मग केमो, मग रेडिएशन. गेल्या श्रावणात आंघोळ करताना जुन्या व्रणाच्या कडेला हरभऱ्याएवढं काहीतरी टणक लागलं. पहिल्या वेळी माणूस अजाण असतो, डॉक्टर म्हणतील तिकडे जातो. दुसऱ्या वेळी सगळं माहीत असतं. तोंडाची गेलेली चव, उशीवरचे केस, सलाईनसाठी शीर सापडेना म्हणून थोपटलेला हात. म्हणून दुसऱ्या वेळी पाऊल जास्त जड होतं. आणि आपलं पंचांग तर सबब द्यायला तयारच असतं! श्रावण होऊ दे, गौरी-गणपती होऊ देत, पितृपक्षात नको, नवरात्रात कसं जायचं, दिवाळीला मुलं येणार आहेत. एवढ्यात दत्तजयंतीचा सप्ताह येतो.

मी चौतीस वर्षं बँकेत कारकुनी केली. बँकेत एक उचंत खातं असतं. एखादी रक्कम कुठल्या खात्याची हे कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती उचंत खात्यात टाकायची. पण तिथे पडू द्यायची नाही. शोध घ्यायचा, चलन काढायचं, आणि जिथली तिथे लावायची. जुनी पडलेली नोंद तपासनीस पहिल्यांदा धरतो. नवी गाठ ही अशीच उचंत नोंद आहे. ती वाईटच आहे असं धरून रडायचं नाही, आणि काही नसेल म्हणून झाकूनही ठेवायची नाही.

कारण ती कितीतरी गोष्टींची असू शकते. शस्त्रक्रियेच्या जागी व्रणाची ऊती घट्ट होते. शस्त्रक्रियेनं किंवा रेडिएशननं तिथली चरबी मरते आणि तिची टणक गाठ होते, ती हाताला अगदी कर्करोगासारखी लागते. कधी पाणी साठतं, कधी टाक्याच्या दोऱ्याभोवती गाठ येते. आणि कधी रोग परतलेला असतो, हेही खरं. बोटांनी चाचपून हा निवाडा आपल्याला होत नाही. डॉक्टर हातानं तपासतात, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी करतात, आणि गरज वाटली तर सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवतात. ‘सुई लावली की रोग पसरतो’ हे आपल्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्या भीतीपायी बायोप्सी नाकारू नये. गाठ काखेत असो, व्रणावर बारीक पुटकुळ्या असोत, कातडी लाल किंवा जाड झालेली असो, दाखवायचं. जाताना जुनी फाईल न्यायची, शस्त्रक्रियेचा कागद आणि पहिल्या तुकड्याचा रिपोर्ट त्यात हवाच. अंगारा लावून जा, मीही लावून गेले. अंगाऱ्यानं डॉक्टरांचा काही विरोध नाही.

मग रिपोर्टची वाट पाहणं. सुईपेक्षा हे अवघड. श्रीदत्तात्रेयांच्या चोवीस गुरूंत पिंगळा आहे. ती रात्री दारात उभी, कुणी येईल म्हणून आत जाते, बाहेर येते. मध्यरात्र उलटते. शेवटी ती ती आस सोडते, भगवंताला शरण जाते आणि शांत झोपते. आपण फोनजवळ तेच करतो, आत-बाहेर, आत-बाहेर. मला पिंगळेसारखी झोप लागली असं मी म्हणणार नाही. पण रात्री अकरानंतर फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि माळ हातात घ्यायची, एवढं जमलं.

या काळात माणसं बोलतात. ‘उपासना कुठेतरी कमी पडली’, ‘पूर्वकर्म’. बोलणारी वाईट नसतात, घाबरलेली असतात. त्यांनी शूलव्यथेच्या ब्राह्मणाची कथा पाहावी. पोटदुखीला कंटाळून तो गोदावरीत जीव द्यायला निघालेला. आपल्या जुन्या पापांचा पाढा त्यानं स्वतःच वाचलेला होता. श्रीगुरूंनी त्याला जीव देण्यापासून अडवलं, व्यथा विचारली, औषध देतो म्हणाले, आणि याच सायंदेवाच्या घरी पोटभर जेवू घातलं. आजारी माणसाकडे जाताना डबा न्यावा. कर्माचा हिशेब नेऊ नये.

माझी गाठ मेलेल्या चरबीची निघाली. तपासण्या चालू आहेत. पण आमच्या गुरुवारच्या मंडळातल्या एका भगिनीची तशी निघाली नाही. तिनं तितकंच नाम घेतलं होतं, तितक्याच लवकर दाखवलं होतं. तिच्या भक्तीत आणि माझ्या भक्तीत रिपोर्टवरून फरक काढू नका, हात जोडून सांगते. रोग शरीरात आणखी कुठे आहे का याची तपासणी झाली, आता औषध चालू झालं आहे. अंगात बळ असेल त्या गुरुवारी ती येते, दाराजवळच्या खुर्चीवर बसते. आरतीला उठू नको म्हणून सांगावं लागतं.

दर खेपेला आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर रुग्णालयात जातात. एकीकडे फाईल, एकीकडे पाण्याची बाटली आणि मऊ भात. आत जाताना ती चष्मा आणि माळ माझ्या हातात देते. बाहेर यायला तीन-चार तास लागतात. आम्ही तिथेच बाकावर बसून असतो.