चोरीची चित्रफीत आणि आपली नजर



1995 साली अमेरिकेत एका विख्यात अभिनेत्रीच्या घरातून तिजोरी चोरीला गेली. तिच्यात पती-पत्नीच्या एकांताची एक चित्रफीत होती. तिच्या प्रती इंटरनेटवरून विकल्या गेल्या. दांपत्याने न्यायालयात धाव घेतली, तरी प्रसार थांबला नाही. उलट, प्रसिद्धीसाठी त्यांनीच ती बाहेर सोडली असावी, असे लोक बोलू लागले. तिचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ज्या गोष्टीवरचा पडदा चोराने ओढला, तिकडे पुन्हा बोट दाखवणे आपले काम नव्हे.

1999 मध्ये नॅपस्टर आले; त्यावर गाण्यांची देवाणघेवाण होई. 2001 मध्ये काझा आणि बिटटोरंट आले, आणि अशा चित्रफितीही घरोघर पोहोचल्या. काझावरून उतरवलेली फाइल सामायिक फोल्डरमध्ये जाई व तिथून अनोळखी माणसे ती घेत. बिटटोरंटमध्ये तर फाइल पूर्ण उतरण्याआधीच तिचे तुकडे इतरांकडे जाऊ लागतात. ‘मी कुणाला दिले नाही, फक्त पाहिले,’ असे म्हणणारा तरुण झोपलेला असे, आणि त्याचा संगणक वाटप करीत असे.

सूरह नूरमध्ये (आयत 27) परवानगीवाचून दुसऱ्याच्या घरात शिरण्यास मनाई आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी समजावले की, ही परवानगी नजरेसाठीच आहे. मग पाय उंबऱ्याबाहेर आणि नजर शयनगृहात, हे कसे चालेल? सूरह हुजुरातमध्ये (आयत 12) वाईट संशय, हेरगिरी आणि निंदा या तिन्ही गोष्टी एकाच आयतीत निषिद्ध ठरल्या आहेत. वरील घटनेत हे तिन्ही गुन्हे घडले.

कोणी म्हणेल, ‘ती पडद्यावरची बाई, तिला कसली लाज?’ वाचकहो, तिने पडद्यावर जे दाखवले त्याचा हिशेब ती देईल. तिने तिजोरीत जे झाकून ठेवले होते, ते आपण का पाहिले, याचा हिशेब आपल्याला द्यावा लागेल.

हा बंद्यांचा हक्क आहे, म्हणून तौबा अवघड होते. चोरलेला पैसा परत करता येतो. पण हजारो संगणकांत विखुरलेली अब्रू कुठून गोळा करणार? जो वाईट वाट पाडतो, त्याच्यावर तिच्यावरून चालणाऱ्यांचाही भार पडतो, अशी हदीस आहे.

आज ते फोल्डर आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. एखाद्या मुलीची चित्रफीत गटात आली, तर ती उघडू नका, पुढे पाठवू नका, पुसून टाका. पाठवणाऱ्याला एकांतात समज द्या. आपल्या मुलांनाही हे सांगा. लाजेपोटी गप्प राहू नका. जो दुसऱ्याचे दोष झाकतो, त्याचे दोष अल्लाह झाकतो.

हे अल्लाह, आमच्या नजरांचे रक्षण कर आणि आमच्या उणिवांवर तुझा पडदा राहू दे. आमीन.