तार आणि चुंबक

बेस गिटार गाण्यात चालू असते तेव्हा ती सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ती थांबली की मात्र गाण्याखालची जमीनच काढून घेतल्यासारखे वाटते. बेळगावात गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रांची चलती होती त्या दिवसांत, म्हणजे नव्वदीच्या दशकात, मी हे वाद्य वाजवीत असे. त्या काळातली एक गोष्ट इतकी वर्षे मनात रुतून बसली आहे. तिचा संबंध एका स्क्रूशी आहे आणि एका मुलाशीही आहे.

गोष्ट कळायची तर थोडी यंत्रविद्या सांगणे भाग आहे. बेस गिटारला सतारीसारखा भोपळा नसतो. भरीव लाकूड, त्यावर ताणलेल्या चार जाड पोलादी तारा आणि तारांखाली बसवलेला पिकअप. पिकअप म्हणजे लोहचुंबकाच्या छोट्या कांड्या आणि त्यांच्याभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची तार थरथरली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत विजेचा क्षीण प्रवाह उमटतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवून दिलेलेच हे तत्त्व. लिओ फेंडरने १९५१ मध्ये आपला प्रिसिजन बेस बाजारात आणला तोही त्याच तत्त्वावर. हवेतला आवाज पिकअपला कळत नाही. तार हलली एवढेच त्याला कळते, आणि तो जे सांगेल तेच पुढे अँप्लिफायरला, कर्ण्याला आणि मंडपातल्या हजार माणसांना कळते.

पिकअपच्या कडांना स्क्रू असतात आणि खाली स्पंजचा तुकडा किंवा स्प्रिंग. स्क्रू आवळला की पिकअप खाली बसतो, सैल केला की वर येतो. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि तारेच्या बुडापासून चुंबकाच्या माथ्यापर्यंतचे अंतर पट्टीने मोजायचे. ते साधारण दोन-तीन मिलिमीटर असावे. हे सगळे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पिकअप वर घेतला की आवाज वाढतो, एवढे मात्र ठाऊक होते.

१९९४ च्या गणेशोत्सवात आमच्या ऑर्केस्ट्रात नवा ढोलकीवाला आला आणि त्याच्या दणक्यात मला माझाच बेस ऐकू येईना. खरे सांगायचे तर इतरांना तो ऐकू येत नाही, हे माझे दुखणे होते. मी दुपारी बसून पिकअप वर घेतला, इतका की वरच्या पडद्यांवर तार दाबली की ती चुंबकाला टेकते की काय असे वाटावे. त्या रात्री बेस असा काही गरजला की मी मनोमन खूष झालो.

आणि त्याच रात्रीपासून आमचा सूर जुळेना. वरच्या पडद्यांवरचे माझे स्वर गिटारच्या स्वरांशी लढू लागले. एक प्रकारची डुलकी येऊ लागली, जसा पाण्यातला चंद्र हलावा. मी तारा बदलल्या. ट्यूनर लावला, तर त्याचा काटा एका जागी ठरेना. म्हणून ट्यूनरलाही नावे ठेवली. उरला गिटार वाजवणारा मुलगा. वय असेल एकोणीस-वीस, मला अण्णा म्हणायचा. चार कार्यक्रम मी त्याच्यामागे लागलो होतो. पाचव्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात, सगळ्यांच्या देखत, मी त्याला म्हणालो की कान नसेल तर माणसाने हातात वाद्य धरू नये. तो एवढेच म्हणाला, ‘‘अण्णा, गिटार बरोबर लागलीया की हो.’’ अनंत चतुर्दशीनंतर तो ऑर्केस्ट्रात परत आला नाही.

पुढच्या जानेवारीत झिजलेले पडदे घासून घ्यायला मी मडगावला एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. त्याने बाराव्या पडद्यावर तार छेडली, कान तिरका केला आणि पडद्यांना हात न लावता आधी स्क्रू ड्रायव्हर घेतला. दोन्ही बाजूंनी मिळून पाच-सहा फेरे. पुन्हा छेडली. डुलकी गेली होती. ‘‘तारेक ओडटा तें,’’ एवढे कोकणीत बोलून तो पडद्यांकडे वळला.

ओढते. तारेवर कान ठेवून बसलेले चुंबक तारेला ओढतही असते. खाली-वर होणारी तार चुंबकाच्या जवळ-लांब होत राहते, त्यामुळे तिची ती हालचाल किंचित संथ होते. आडवी हालचाल तितकी होत नाही. एकाच तारेतून दोन जवळजवळचे सूर निघतात आणि एकमेकांशी झगडतात. मी त्या मुलाच्या गिटारमध्ये जो बेसूर शोधत होतो तो माझ्या दीड मिलिमीटरमध्ये होता.

आता प्रश्न असा की, माझा दोष कोणता? मी खोटे बोललो नव्हतो. जे ऐकू येत होते तेच सांगितले होते. ऐकण्याचे साधनच बिघडले असेल तर ऐकणाऱ्याला काय बोल लावायचा, अशी मी बरीच वर्षे स्वतःची समजूत घातली. पुढे वाचनात शंकराचार्यांचा एक युक्तिवाद आला आणि ती समजूत डळमळली. सांख्य म्हणतात, पुरुष स्वतः काहीच करीत नाही. चुंबकाच्या नुसत्या सान्निध्याने लोखंड हलावे तशी त्याच्या सान्निध्याने प्रकृती हलते. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायातील भाष्यात आचार्य यावर जे उत्तर देतात त्यातला एक मुद्दा मला फार व्यवहारी वाटला: चुंबकाचे सान्निध्य नित्य नसते, ते घडवून आणावे लागते, चुंबक पुसावे लागते, नीट ठेवावे लागते. त्यांचा वाद अर्थात वेगळा आहे आणि तो इथे ओढून आणण्याचा अधिकार मला नाही. पण चुंबक कुणीतरी ठेवलेले असते, हे त्यात वाचले तेव्हा मला माझी ती दुपार आठवली. पिकअप आपोआप वर आला नव्हता. मी तो वर घेतला होता, आणि सूर नीट कळावा म्हणून नव्हे, तर मी ऐकू जावे म्हणून.

मग तटस्थ राहावे, सगळ्यांपासून अंतर राखून ऐकावे, असे कुणी म्हणेल. तेही मी करून पाहिले. पश्चात्तापाच्या भरात पिकअप अगदी तळाला नेला. आवाज बारीक झाला, म्हणून अँप्लिफायर वाढवला, आणि त्याबरोबर मंडपाच्या वायरिंगची भणभणही वाढली. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची; बेसच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा स्वर एकोणपन्नासचा. म्हणजे ती भणभण नेमकी माझ्या स्वराशेजारी येऊन बसली! लांबून ऐकायला गेले की आपल्याच घरातला आवाज मिसळतो, तो असा. ज्या चुंबकाला तारेची ओढच नाही, त्याला तार ऐकूही येत नाही.

बरे, अंतर सर्व तारांना सारखे ठेवून भागते असेही नाही. जाड तार मोठा हेलकावा घेते, तिच्यात लोखंडही जास्त. तिच्यापासून थोडे दूर राहावे लागते. बारीक तारेजवळ जावे लागते. सर्वांना समान वागवतो म्हणणाऱ्या एका मुख्याध्यापकांच्या हाताखाली मी पुढे नोकरी केली. त्यांच्या शाळेत पहिल्या बाकावरचाच आवाज ऐकू येई. असो.

२०१९ मध्ये खानापूरला एका लग्नात तो मुलगा भेटला. केस पिकलेले, पोट सुटलेले. गिटार केव्हाच विकली होती. जेवणे झाल्यावर मी त्याला बाजूला घेऊन सगळे सांगितले: स्क्रू, मडगाव, सगळे. तो ऐकून घेऊन म्हणाला, ‘‘अण्णा, मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा बेस डुलत होता.’’

‘‘मग बोलला का नाहीस?’’

‘‘बोललो की. गिटार बरोबर लागलीया म्हणालो.’’

यावर मला काही सुचले नाही. माफी मागितली, ती त्याने हसून घेतली, पण घेतली की बाजूला ठेवली ते मला सांगता येणार नाही. पंचवीस वर्षांनी विकलेल्या गिटारची भरपाई कशी करायची याचे गणित मला अजून सुटलेले नाही.

गेल्या वर्षी त्याचा धाकटा मुलगा बेस घेऊन माझ्याकडे आला. बापानेच पाठवला होता. पिकअप किती वर घ्यायचा, हा त्याचा पहिला प्रश्न. मी त्याला पट्टी दिली. म्हटले, शेवटच्या पडद्यावर तार दाब, जाड तारेखाली तीन मिलिमीटर धर, बारीक तारेखाली दोन. मग वाजव, आणि कसं वाटतं ते घरी जाऊन बाबांना विचार.