बदलता बाजार आणि मोमिनाचा व्यवहार




20 जुलै 2023 रोजी केंद्र सरकारने बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. ती 28 सप्टेंबर 2024 पर्यंत चालली. आपला गोंदिया जिल्हा धानाचा जिल्हा. येथे शेतकरी, राईस मिलचा मालक, हमाल, ट्रकचालक आणि बारदान्याचा व्यापारी असे सारे एकाच दाण्याला बांधलेले आहेत. दिल्लीत निघालेला एक आदेश या साऱ्यांच्या उंबरठ्यापर्यंत येतो. त्याआधी 2016 ची नोटबंदी, 2017 चा वस्तू व सेवा कर आणि 2020 ची टाळेबंदी आपण पाहिली आहे. सकाळी दुकान उघडताना जो बाजार होता, तोच संध्याकाळी असेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

जुम्याच्या नमाजनंतर कोणी ना कोणी थांबतो आणि हळू आवाजात विचारतो, “मौलाना, धंद्यात बरकत राहिली नाही. एखादा वजीफा सांगा.” दुआ ही इबादतच आहे. तिच्याविना मोमिनाचा दिवस सुरू होऊ नये. परंतु दुआ मागून झाल्यावर हातांनी काय करावे, हेही दीनच शिकवतो. आज त्याविषयी बोलू या.

सूरह लुकमानच्या अखेरीस अल्लाहने सांगितले आहे की, उद्या आपण काय कमावणार हे कोणत्याही जिवाला ठाऊक नाही. काहींना ही आयत हताश करते. वास्तविक ती आपल्याला नम्र आणि सावध करते. ज्याला उद्याचे ज्ञान नाही, त्याने एकाच गिऱ्हाइकावर, एकाच मालावर, एकाच हंगामावर सारे आयुष्य टेकवू नये. रोजी देणारा अल्लाह आहे. दुकान हे केवळ एक द्वार आहे. द्वार बंद झाले म्हणजे दाता संपला असे समजणे ही ईमानाची दुर्बलता आहे.

हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांचे उदाहरण पाहा. मक्केत त्यांचा व्यापार होता. हिजरत केली तेव्हा सारे मागे राहिले. मदीनेत प्रेषित (स.) यांनी हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांच्याशी त्यांचे बंधुत्व जोडून दिले. सअद यांनी आपली अर्धी संपत्ती देऊ केली. अब्दुर्रहमान यांनी त्यांच्यासाठी बरकतीची दुआ केली आणि केवळ एवढेच विचारले, की बाजार कोठे आहे? तेथे ते पनीर आणि तूप विकू लागले आणि थोड्याच दिवसांत आपल्या पायांवर उभे राहिले.

या प्रसंगात आपल्यासाठी तीन धडे आहेत. त्यांनी गतवैभवाचे रडगाणे गायले नाही. लहान माल विकण्यात कमीपणा मानला नाही. आणि नव्या गावाला काय हवे आहे, हे बाजारात जाऊन पाहिले. आपल्यापैकी किती जण “आमच्या वडिलांपासून हाच धंदा आहे” असे म्हणत रिकाम्या दुकानात बसून आहेत? वडिलांचा वारसा त्यांच्या प्रामाणिकपणात असतो. मालाच्या प्रकारात नसतो.

हे मी दुरून सांगत नाही. माझी नानी विड्या वळत असे. मांडीवर सूप, सुपात तेंदूपत्ता आणि तंबाखू. हजार विड्या झाल्या की मजुरी. त्या हातांच्या कष्टांचा मला आदर आहे. परंतु हे काम घटत चालले होते, आणि तंबाखूच्या अपायामुळे अनेक उलेमा तिला नापसंत, तर काही निषिद्धही ठरवतात. माझ्या अम्मीने वेळीच शिवणयंत्र घेतले. शेजारणी हसल्या. पुढे त्यांच्याच मुलींचे कपडे अम्मीकडे येऊ लागले.

पूर्वतयारीचा धडा सूरह यूसुफमध्ये आहे. सात वर्षे सुकाळ, मग सात वर्षे दुष्काळ येणार हे हजरत यूसुफ (अलै.) यांनी स्वप्नाच्या अर्थातून सांगितले आणि खाण्यापुरते काढून उरलेले धान्य कणसांतच राखण्यास सांगितले. प्रेषितांनी तवक्कुलबरोबर उपायही केला पाहिजे हे शिकवले, तर आपण कोण? हंगाम चांगला गेला की नवी मोटारसायकल आणि लग्नाचा मोठा मंडप, आणि हंगाम बुडाला की सावकार, ही रीत या शिकवणीच्या विरुद्ध आहे. मात्र लक्षात ठेवा, संकटासाठी राखणे वेगळे आणि भाव चढावा म्हणून लोकांचे अन्न अडवून ठेवणे वेगळे. साठेबाजाला प्रेषित (स.) यांनी गुन्हेगार म्हटले आहे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. काय बदलावे हे पाहिले. काय बदलू नये? प्रेषित (स.) एकदा बाजारात धान्याच्या राशीपाशी थांबले आणि राशीत हात घातला. बोटांना ओल लागली. विक्रेता म्हणाला, पाऊस लागला. प्रेषितांनी विचारले, मग ओले धान्य वर का ठेवले नाही, म्हणजे लोकांना दिसले असते? आणि फसवणारा आपल्यातला नाही, असे बजावले. गोंदियाच्या माणसाला ही हदीस समजावून सांगावी लागत नाही. अवकाळी पावसात धानाच्या कडपा भिजतात, तेव्हा वर कोरडे आणि खाली ओले ठेवण्याचा मोह किती जवळ असतो! पाऊस हा विक्रेत्याचा दोष नव्हता. ओल लपवणे हा दोष होता. आपत्ती आपल्या हाती नाही, तिला दिलेले उत्तर आपल्या हाती आहे.

म्हणून माल बदला, वेळ बदला, मोबाईलवरून मागणी घ्या, मुलाने सुचवलेली नवी रीत ऐकून घ्या. परंतु माप बदलू नका. व्याजाच्या दारी जाण्यापूर्वी खर्च कमी करा, भागीदार शोधा आणि व्यवहार लिहून ठेवा. कुरआनची सर्वांत दीर्घ आयत उधारीच्या लिखापढीविषयीच आहे. तुमचा ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याला सवड द्या, कारण तोही याच बाजारात बुडालेला आहे. आणि हमालाची मजुरी मंदीचे निमित्त करून अडवू नका.

पाखरे सकाळी रिकाम्या पोटी निघतात आणि संध्याकाळी भरल्या पोटी परततात, असे प्रेषित (स.) यांनी तवक्कुलविषयी सांगितले आहे. विचार करा, ती घरट्यात बसून राहत नाहीत.

हे अल्लाह, आमच्या रोजीत हलालची बरकत दे, बंद द्वारापाशी रडत बसण्यापासून आम्हाला वाचव आणि उघड्या द्वारी ईमान सांभाळून उभे राहण्याची शक्ती दे. आमीन.