उपाधी आणि कंपायलर

ज्या पुण्यात भीमाचार्य झळकीकरांच्या ‘न्यायकोशा’ची, म्हणजे न्यायशास्त्रातील संज्ञांच्या कोशाची, वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संशोधिलेली आवृत्ती भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ साली प्रसिद्ध केली, त्याच पुण्यात साठ वर्षांनी सी-डॅक ही महासंगणक घडवणारी संस्था उभी राहिली, आणि या दोहोंत काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नसले, तरी ‘आमच्याकडे चालते, म्हणून बरोबर आहे’ या विधानाला प्रमाण मानावे काय, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

जेथे अग्नी तेथे धूम, हे अनुमान नैयायिकांना, म्हणजे न्यायशास्त्रज्ञांना, मान्य नाही. कारण धुराला ओल्या इंधनाचा उपाधी, म्हणजे न उच्चारलेली अट, लागतो, आणि तापून लाल झालेल्या लोहगोलात अग्नी असूनही धूर नसतो. सी भाषेतील प्रोग्रामच्या बाबतीत हा लपलेला उपाधी म्हणजे कंपायलर. सी-डॅकचा १९९१ चा महासंगणक परम ८००० ट्रान्सप्युटर प्रोसेसरांवर, १९९८ चा परम १०००० अल्ट्रास्पार्कवर, पुढचा परम पद्म आयबीएमच्या पॉवर४ वर आणि २००८ चा परम युवा इंटेलवर उभा होता. प्रोसेसरबरोबर कंपायलरही बदलतो, तेव्हा ज्या कोडाला अशा स्थित्यंतरांतून तगायचे, त्याला कोणा एका कंपायलरच्या मर्जीवर विसंबून कसे चालेल?

उदाहरणार्थ, फाईल वाचताना एकेक बाइट देणाऱ्या गेटचार या फंक्शनने दिलेले मूल्य पुष्कळ जण कॅरेक्टर जातीच्या चलात ठेवतात. इंटेलवर जीसीसी हा कंपायलर त्या चलात ऋण संख्या मावू देतो, म्हणून फाईल संपल्याची खूण, जी बहुधा उणे एक असते, ओळखली जाते. पॉवरवर सामान्यतः त्याच खुणेचे २५५ होतात आणि लूप कधी संपतच नाही. परंतु इंटेलवरही २५५ मूल्याचा बाइट मध्येच आला की तोच फाईलचा शेवट ठरतो. म्हणजे व्यभिचार, नियमाचा भंग, घरच्या यंत्रावरही होताच, तो केवळ दृष्टीस पडला नव्हता. नुसत्या भूयोदर्शनाने, म्हणजे दोन गोष्टी वारंवार एकत्र पाहिल्याने, व्याप्ती, म्हणजे त्यांचे अटळ साहचर्य, सिद्ध होत नाही, हा नैयायिक गंगेशांचा पक्ष मला येथे फार मोलाचा वाटतो.

आपला कोड जो सर्वांना खुला करतो, तो कधीही न पाहिलेल्या माणसाला शब्द देत असतो, आणि त्या शब्दाचा करारनामा म्हणजे १९८९ पासूनचे सी-मानक. त्याबाहेर जे चालते ते कंपायलरची मेहेरबानी होय, हक्क नव्हे. कंपायलरने दिलेला इशारा हा शंकित उपाधीच, आणि तो दडपून कोड पुढे पाठवणे मी अप्रामाणिकपणाच समजतो. वरील चल इंट जातीचे केले की दोन्ही यंत्रांवरील दोष एकदमच नाहीसा होतो, आणि गेटचार इंट देतो हे तर मानकात आरंभापासूनच नमूद आहे.