हिंगोलीचा हरीसिंग

थरारपट आवडला असं म्हणायचा अवकाश, की तो कोणत्या कोरियन किंवा इंग्रजी चित्रपटावरून उचललाय हे सांगणारा कुणीतरी भेटतोच. उचलेगिरीची चीड मलाही आहे. पण कथानक नवं की जुनं, एवढ्यावर अस्सलपणा ठरत नाही, असं माझं ठाम मत आहे.

2018च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, पाच आठवड्यांच्या आत, तीन हिंदी चित्रपट आले. श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'चं बीज एका फ्रेंच लघुपटातलं, आणि ते त्यांनी उघडपणे मान्य केलेलं. आंधळ्याचं सोंग घेतलेला पियानोवादक आणि त्याच्यासमोर पडलेलं प्रेत, एवढंच ते बीज. पण पुण्यातल्या फ्लॅटमधला तो प्रसंग आठवा: बोटं पियानोवरून फिरत राहतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत मृतदेह बॅगेत कोंबला जातो. पुढे येणारे लॉटरीची तिकिटं विकणारी सखू, रिक्षावाला मुरली, खुनात अडकलेला पोलीस अधिकारी हे सगळे आपल्याकडचे. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ची मुळं नारायण धारपांच्या भयकथेत आहेत, तरी त्यातला पाऊस, वाडा आणि पिढीजात हाव दुसऱ्या कुठल्याच मुलखात उगवली नसती. तिसरा 'ठग्ज ऑफ हिंदोस्तान'. त्यात मोठे नट होते, माल्टामध्ये बांधलेली जहाजं होती. ठगी मात्र जवळजवळ नव्हतीच.

ती होती हिंगोलीत. निजामाच्या फौजेतला अधिकारी फिलिप मेडोज टेलर याची ठगावरची कादंबरी 1839 साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि इंग्रज वाचकांनी ती उचलून धरली. तिच्या प्रस्तावनेत त्याने हिंगोलीच्या छावणीतली हकीकत लिहून ठेवली आहे. हरीसिंग हा तिथला प्रतिष्ठित व्यापारी. टेलरसकट अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचा त्याच्याशी रोजचा व्यवहार. मुंबईहून कापड आणायचंय म्हणून त्याने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून रीतसर परवाना घेतला. ते कापड दुसऱ्याच एका व्यापाऱ्याचं होतं आणि तो व्यापारी माल घेऊन वाटेवर होता. हरीसिंगाने त्याला, त्याच्या नोकरांना आणि गुरं हाकणाऱ्यांना मारलं, सरकारी परवान्यावर माल हिंगोलीत आणला आणि छावणीतच उघड विकला. पुढे पकडला गेल्यावर त्याने स्वतःच सांगितलं, म्हणून हे कळलं. पहाऱ्याच्या रांगेपासून जेमतेम पाचशे यार्डांवर, एका कोरड्या ओहोळात, ठगांनी माणसं मारून पुरलेल्या जागा माफीचे साक्षीदार दाखवत गेले आणि खड्ड्यामागून खड्डे उकरले गेले. टेलर तिथे हजर होता. शेवटी किळस येऊन त्यांनी शोध थांबवला.

यात रहस्यपटाला काय कमी आहे? मला सर्वांत थरारक वाटतो तो परवाना. खुन्याला वाट मोकळी करून देणारी सही सरकारचीच.

पण एवढंच चित्रित केलं, तर ती पुन्हा साहेबाच्या चष्म्यातून पाहिलेली गोष्ट होईल. ठगीबद्दल आपल्याला जे माहीत आहे, त्यातलं बरंचसं माफीच्या साक्षीदारांच्या तोंडून, इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखणीतून आलेलं आहे. दुसऱ्याचं नाव घेतलं तर स्वतःचा जीव वाचतो, अशा माणसाच्या शब्दावर किती विसंबायचं, यावर इतिहासकारांचा वाद आजही चालू आहे. ठगी मुळात किती होती आणि कंपनी सरकारने ती किती फुगवली, असाही प्रश्न विचारला जातो. खड्डे खरे, हाडं खरी. पण बोट दाखवणारा कुणाकुणाला गुंतवतोय? बाजारात रोज कापड मोजून देणाऱ्या माणसाकडे त्या दिवसानंतर शेजारचा दुकानदार कोणत्या नजरेने पाहत असेल? आणि सही करणारा कॅप्टन त्या रात्री काय विचार करत असेल?

अशा चित्रपटाला शेवटच्या पाच मिनिटांतल्या धक्क्याची गरज नाही. खुनी कोण हे पहिल्या रिळात कळलं तरी चालेल. गरज आहे ती कयाधूकाठच्या बोलीची, हिंगोलीच्या बाजारपेठेची, निजामी मुलखातल्या मराठी-उर्दूच्या सरमिसळीची. लेखकाने दोन-चार महिने तिथे राहून माणसं ऐकावीत. आमच्या मराठवाड्यावर दुष्काळ आणि आत्महत्या यांपलीकडे कॅमेरा क्वचितच वळतो, याचं मला प्रेक्षक म्हणून मनापासून वाईट वाटतं. 1964च्या राजा परांजप्यांच्या 'पाठलाग'वरून दोनच वर्षांत हिंदीत 'मेरा साया' निघाला होता. तेव्हा रहस्य मराठीतून बाहेर जात होतं. हरीसिंगाची गोष्टही मराठीतच आधी व्हायला हवी, आणि ती करणारा हिंगोली-परभणीकडचा कुणी असेल तर फारच उत्तम.