विषम खाती

बारामतीहून इंदापूरच्या वाटेला नीरा डाव्या कालव्याच्या आसऱ्याने भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे अशी गावं लागतात. गोष्ट त्यांतल्याच एकाची. या भागात उसाचे पैसे वर्षा-दीड वर्षाने दिसतात, दुधाचे मात्र दर दहा दिवसांनी. म्हणून दुधाच्या बिलाला इथे पगारच म्हणतात, आणि घरातला किराणा, पोरांची फी, गाईची औषधं सगळं त्या पगारावर चालतं.

गावातल्या दूध संकलन केंद्रात हा पगार म्हातारे सचिव हाताने यादी करून बँकेत द्यायचे. त्या दिवाळीला चेअरमननी आपल्या पुतण्याला बसवलं. पोरगा बारामतीत कॉम्प्युटर शिकलेला, हुशार. त्याने जावास्क्रिप्टमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहिला. लिटर, फॅट, एसएनएफ यांवरून बिल काढायचं, ज्याचं त्याच्या खाते क्रमांकासमोर मांडायचं आणि बँकेसाठी फाईल तयार करायची. सचिवांना दोन दिवस लागायचे ते काम दोन मिनिटांत झालं. एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली. चेअरमननी पेढे वाटले.

तिसऱ्या दिवशी केंद्रावर भांडण पेटलं. एकाच वाड्यातल्या दोन जावा. थोरलीचे 6,420 रुपये आलेच नव्हते, आणि धाकटीच्या पासबुकात तिच्या स्वतःच्या 3,915 च्या जोडीला ते 6,420 जमा! शिवाय आणखी 2,780, ते कुणाचे ते कुणालाच ठाऊक नाही. धाकटीला वाटलं होतं, दिवाळीचा दरफरक असेल. तिने त्यातून सरकी पेंडीची पोती आणूनही टाकली होती. धाकटी बारावी शिकलेली, बचत गटातल्या सगळ्यांना मोबाईलवर बॅलन्स बघून देणारी. आता तेच अंगाशी आलं. मोबाईल चालवता येतो म्हणजे पैसेही वळवता येत असतील, असं रांगेतल्या कुणीतरी पुटपुटलं. आणि थोरलीने सगळ्यांदेखत तिला चोर म्हटलं.

पुतण्याने प्रोग्रॅम तीनदा तपासला. नावं बरोबर, रकमा बरोबर, बेरीज बरोबर. "माझ्याकडून काहीच चुकलेलं नाही काका, बँकेनेच घोळ घातला," असं सांगून तो मोकळा झाला. बँकेने फाईल पुढे केली. पैसे जमा होतात ते खाते क्रमांकावर, आणि फाईलमध्ये थोरलीच्या नावापुढे धाकटीचाच क्रमांक होता.

"मग क्रमांक बदलला कुणी?" चेअरमननी विचारलं. पुन्हा सगळ्यांच्या नजरा धाकटीकडे.

शेवटी हायस्कूलमधून निवृत्त झालेल्या गणिताच्या सरांना बोलावलं. सरांना कॉम्प्युटरचं फारसं कळत नव्हतं, आणि ते तसं सांगायचेही. त्यांनी भांडणाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. "कुणाकुणाचे आले नाहीत तेवढं सांगा," म्हणाले. बचत गटाच्या दहाजणींनी एकाच दिवशी, एकाच शाखेत, ओळीने खाती काढली होती. सतरा अंकी क्रमांक, सुरुवात 1 ने, शेवटचे दोन अंक 43 पासून 52 पर्यंत. सरांनी फॅटच्या स्लिपच्या पाठीवर उभी रेघ मारून दोन रकाने केले. न आलेले एकीकडे: 43, 45, 47, 49, 51. आलेले दुसरीकडे: 44, 46, 48, 50, 52.

"विषम तेवढे बुडाले, सम तेवढे तरले," सर म्हणाले. "आणि बुडालेले गेले कुठे ते बघा. 43 आणि 45 गेले 44 ला. 47 आणि 49 गेले 48 ला. 51 गेला 52 ला. तिन्ही चारने भागले जाणारे. चोर इतका शिस्तीचा नसतो हो चेअरमन."

मग ते पुतण्याकडे वळले. "तुझ्या यंत्राला माझा एक गुणाकार करायला सांग. नऊ वेळा 1, गुणिले नऊ वेळा 1."

पोराने बटणं दाबली. पडद्यावर आलं 12345678987654320.

"शेवटी काय आलं?"

"शून्य."

"एकने संपणाऱ्या संख्येला एकने संपणाऱ्या संख्येनेच गुणलं, तर शेवटी एक यायला नको? चौथीतलं पोर सांगेल." आणि सरांनी आपल्या आवडीचा विषय काढला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर, जन्म 1905, डहाणूचे, देवळालीला शाळामास्तर. डोंबिवली स्टेशनचं जुनं नाव डेम्लो, त्यावरून त्यांनी अशा संख्यांना डेम्लो संख्या म्हटलं. एक ते नऊ चढत जायचं आणि नऊपासून एकपर्यंत उतरायचं: 12345678987654321. कापरेकरांनी हे कागद-पेन्सिलीने मांडलं होतं. "भास्कराचार्यांनी 1150 मध्ये लीलावतीत एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानं नावानिशी दिली. तुझं यंत्र सतराव्यालाच दमलं!"

सर नको तेवढे रंगले, पण पोराचा चेहरा उतरला होता. वर्गात ऐकलेलं त्याला आता आठवलं. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या 64 बिटांत बसवतात, आणि त्यातल्या अंकांच्या वाट्याला द्विमान पद्धतीची 53च घरं येतात. 9,00,71,99,25,47,40,992 पर्यंत एकूणएक पूर्णांक अचूक. त्यापुढे, याच्या दुपटीपर्यंत, फक्त सम संख्या बसतात. विषम आली की ती शेजारच्या दोन समांपैकी, चारने भाग जाणाऱ्या संख्येवर सरकते. पडद्यावर लाल अक्षर नाही, सूचना नाही. (एक्सेलची तऱ्हा याहून वेगळी: पंधरा अंकांनंतर ते सरळ शून्यं भरतं. निदान ती डोळ्यांना दिसतात.)

"सोपं आहे, बिगइंट वापरतो," पोरगा म्हणाला. ही सोय भाषेत 2020 च्या आवृत्तीपासून आहे. हव्या तितक्या अंकांची संख्या तीत अचूक राहते. त्याने यादी वाचली, वाचलेला 47 चा क्रमांक बिगइंटमध्ये घातला आणि छापला. पुन्हा 48! तो गोंधळला. यादीच्या फाईलमध्ये क्रमांक अवतरणचिन्हांशिवाय, उघडा, संख्या म्हणून लिहिलेला होता. प्रोग्रॅमने तो वाचला त्या क्षणीच 47 चा 48 झाला होता. वाटेत सांडलेलं दूध नंतर मोठ्या कॅनमध्ये ओतून काय भरणार?

सरांनी विचारलं, "या दोघींच्या क्रमांकांची तू कधी बेरीज करणार आहेस का?"

"नाही."

"सरासरी? टक्केवारी?"

"नाही सर."

"मग त्याला संख्या कशाला केलंस? ते त्या बाईचं नाव आहे, आकड्यांत लिहिलेलं. नाव जसं दिलं तसं उतरवायचं."

पोराने मूळ यादीत सगळे क्रमांक अवतरणचिन्हांत घातले, म्हणजे प्रोग्रॅम त्यांना मजकूर समजेल. दुसऱ्या एका बँकेचे क्रमांक शून्याने सुरू व्हायचे. त्यांची पुढची शून्यंही आता गळणार नव्हती. डेम्लोचा गुणाकार त्याने बिगइंटमध्ये पुन्हा केला, शेवटी 1 आला, आणि सर शाळेतल्यासारखे "शाब्बास" म्हणाले.

पैशांचं मिटलं. ज्या तिघींकडे जास्तीचे गेले होते त्यांच्या पुढच्या पगारांतून थोडे थोडे कापायचे, आणि पाचजणींना संस्थेने आधी द्यायचे. धाकटी कबूल झाली, पण एका अटीवर. "मला चोर म्हटलं ते संध्याकाळच्या दुधाला, सगळी रांग उभी असताना. आता खरं काय तेही तेव्हाच सांगायचं."

सांगितलं पुतण्यानेच. क्रमांक माझ्या प्रोग्रॅमने बदलले, पाचही, आणि मी बँकेवर ढकललं, असं तो किटली हातात घेऊन उभ्या असलेल्या चाळीसेक माणसांपुढे बोलला. थोरली मध्येच म्हणाली, "मीही ढकललंच की, घरातल्याच माणसावर." धाकटी काही बोलली नाही. तिने थोरलीची किटली आधी मापाला लावली.

पुढच्या पगाराआधी सरांनी एक नियम घातला: बेरीज जुळली एवढ्यावर फाईल पाठवायची नाही. प्रत्येक खात्यावर आधी एक रुपया टाकायचा आणि तो पोहोचला का, हे त्या माणसालाच विचारायचं. पोरगा घरोघर हिंडला. वाड्यात आला तेव्हा धाकटी गोठ्यात होती.

"वहिनी, एक रुपया आला का?"

"आला," तिने मोबाईल त्याच्यापुढे धरला. "पण माझाच आहे ना, ते आधी बघ."