रिकाम्या चढाईची किंमत

आमच्या जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यात हुंदळेवाडी आहे. तिथल्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाखांना घेतलं, तेव्हा सगळ्या कोल्हापूरची छाती फुगली. प्रो कबड्डीच्या त्या मोसमात त्यानं चढाईचे दोनशेच्या वर गुण आणले. पैशाला तो जागला. टायटन्स मात्र तळाजवळच राहिले. चढाईपटूची कमाई अशी फलकावर वाचता येते. पकडीच्या खेळाडूची किंमत करणं फार अवघड.

डाव्या कोपऱ्यात इराणचा महंमदरेझा शादलुई उभा आहे असं धरा. चढाईपटूला निदान रेषा ओलांडावीच लागते, नाहीतर तो बाद. पण कोपऱ्याच्या आवाक्यात पाय गेला की घोटा सापडला, हेही त्याला पक्कं ठाऊक असतं. मग तो जेमतेम रेषा ओलांडतो, तीस सेकंद कसेबसे काढतो आणि रिकाम्या हातानं परततो. गुणफलक हलत नाही. अशा लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या, की तिसरीत गुण आणायचा नाहीतर बाद व्हायचं. आता नको असताना आत शिरणं आलं. आत शिरल्यावर धरतो कदाचित उजव्या कोपऱ्यातला पोरगा, आणि गुणही त्याच्याच नावावर लागतो. शादलुईचा हात लागलेलाही नसतो. माझ्या मते त्याची खरी किंमत त्या दोन कोऱ्या चढायांत आहे.

अर्थात, एकटा कोपरा काही करू शकत नाही. त्याला साथीदारांची साखळी लागते आणि समोर गुण आणणारे चढाईपटूही लागतात. पुणेरी पलटणनं २०२३ च्या लिलावात शादलुईवर २ कोटी ३५ लाख लावले. एका संघाला खर्चाची मुभाच ५ कोटींची, म्हणजे जवळजवळ निम्मी तिजोरी एका पकडीवर! पण अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही पोरं संघानं आधीच राखली होती, म्हणून ते परवडलं. बावीसपैकी सतरा सामने जिंकून पलटण अव्वल राहिली आणि अंतिम सामन्यात हरियाणाला २८-२५ नं हरवून पहिल्यांदा विजेती ठरली. त्याच लिलावात टायटन्सनं पवन सेहरावतसारख्या कसलेल्या चढाईपटूसाठी २ कोटी ६० लाखांवर मोजले, आणि बावीस सामन्यांत संघाला फक्त दोन विजय मिळाले.

असाच डाव बास्केटबॉलमध्येही दिसतो. तिथल्या मिनेसोटा संघानं २०२२ साली बचावातल्या रूडी गोबेरसाठी पाच खेळाडू आणि भावी निवडीचे पहिल्या फेरीतले चार हक्क देऊन टाकले, तेव्हा लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. दुसऱ्याच मोसमात त्यांचा बचाव लीगमध्ये सर्वोत्तम ठरला. गोबेरच्या जोडीला अँथनी एडवर्ड्ससारखा गुण आणणारा तरुण होता, हे मात्र विसरायचं नाही.

२०२४ मध्ये शादलुई २ कोटी ७ लाखांना हरियाणाकडे गेला. तिथं जयदीप दहिया, राहुल सेठपाल ही बचावाची जोडी मुरलेली होती. त्या वर्षीचा चषक हरियाणानं नेला, तोही पुण्यात बालेवाडीच्या मैदानावरून.